रिफ्लक्सचं ऑपरेशन सुचवलंय? सर्जनकडे जाण्याआधीची तयारी

बालरोगतज्ज्ञांनी केस पेपरच्या खालच्या कोपऱ्यात एवढंच लिहिलं होतं: 'पीडियाट्रिक सर्जरी, ओपिनियन'. आम्ही पार्किंगपर्यंत पोचलो तोवर धाकट्याचं ऑपरेशन ठरल्याची बातमी डिचोलीच्या आत्याला, वाळपईच्या मामाला आणि शेजारच्या काकूंना कळली होती. ठरलं काहीच नव्हतं. ओपिनियन म्हणजे मत. सर्जन तपासण्या बघून 'ऑपरेशन नको' असंही सांगू शकतात, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. पहिल्या भेटीला रिकाम्या हातांनी आणि भरल्या डोळ्यांनी गेलो, सात-आठ मिनिटांत बाहेर आलो आणि गाडीत बसल्यावर एकमेकांना विचारलं, "नेमकं काय म्हणाले ते?"

दुसऱ्या भेटीची तयारी मात्र तीन आठवडे केली. ती कशी केली ते सांगते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध चालू ठेवायचं की थांबवायचं हे माझ्याकडून घेऊ नका. काय विचारायचं, काय सोबत न्यायचं, एवढं घ्या.

आधी कागदावर कुठला रिफ्लक्स आहे ते बघा

हे वाचून हसू नका. लहान मुलांत 'रिफ्लक्स' नावाचे दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हींसाठी मुलांच्या सर्जनकडेच पाठवतात. एकात जठरातलं अन्न आणि आम्ल उलटं अन्ननलिकेत येतं. दुसऱ्यात लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे जाते. कागदावर 'व्हीयूआर' किंवा 'एमसीयू' असं लिहिलेलं असेल, मुलाला वारंवार लघवीचा संसर्ग होऊन ताप येत असेल, तर तो दुसरा प्रकार. त्याचं ऑपरेशन वेगळं, प्रश्न वेगळे. हा लेख पहिल्या प्रकाराचा आहे. कागदावर 'जीईआरडी' (या पहिल्या प्रकाराचंच डॉक्टरी नाव), 'हायटस हर्निया' (जठराचा भाग श्वासाच्या पडद्यातून वर छातीत सरकणं), 'फंडोप्लिकेशन' (त्यावरचं ऑपरेशन) असले शब्द दिसले तर पुढे वाचा. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी आठवडाभर मोबाइलवर भलत्याच ऑपरेशनची माहिती वाचून झोप उडवून घेतली होती.

ऑपरेशनमध्ये करतात काय

अन्ननलिका छातीतून खाली येते, श्वासाच्या पडद्याला असलेल्या भोकातून पोटात उतरते आणि जठराला मिळते. त्या सांध्यावर एक स्नायूंचा आवळा असतो. घास आत गेला की तो मिटतो. लहान बाळात तो वेळी-अवेळी सैल पडतो, म्हणून दूध वर येतं. ऑपरेशनमध्ये जठराचा वरचा, मऊ, फुगीर भाग उचलून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळतात आणि टाके घालतात. थंडीत गळ्याभोवती मफलर गुंडाळावा तसं. पडद्याचं भोक मोठं झालेलं असेल तर तेही टाके घालून लहान करतात. मग जठर भरलं की ती गुंडाळी अन्ननलिकेला दाबते आणि वर यायची वाट बंद होते.

पूर्ण वेढा दिला तर त्याला निस्सेन म्हणतात. रुडॉल्फ निस्सेन या सर्जननी १९५६ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. गुंडाळण्याची त्यांना हौसच असावी. १९४८ मध्ये आइन्स्टाइनच्या पोटातल्या फुगलेल्या महारोहिणीभोवती, म्हणजे शरीरातल्या मुख्य रक्तवाहिनीभोवती, सेलोफेन गुंडाळणारे तेच. अर्धा-पाऊण वेढा मागच्या बाजूने दिला तर टूपे, पुढच्या बाजूने दिला तर थाल किंवा डोर. हल्ली बहुतेक ठिकाणी हे दुर्बिणीतून, पोटावर चार-पाच बारीक छिद्रं पाडून करतात. नावं पाठ करायची गरज नाही. पण सर्जन 'पार्शल रॅप' म्हणाले तर आपल्याला 'अर्धवट ऑपरेशन' असं ऐकू येऊ नये. मला तसंच ऐकू आलं होतं.

आता मुद्दा. हे ऑपरेशन वाट बंद करतं, बाकी काही करत नाही. जठर हळू रिकामं होत असेल, मूल घास तोंडात घेऊनच बसत असेल, खोकल्याचं कारण दमा असेल, तर गुंडाळी कितीही छान बसली तरी ते तसंच राहतं. आमची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती फिरली.

एक ओळ लिहा

घरच्यांनी बसून एक वाक्य लिहायचं: ऑपरेशननंतर आपल्या मुलाच्या बाबतीत नेमकं काय बदलावं अशी आपली अपेक्षा आहे? 'बरा व्हावा' हे उत्तर चालणार नाही. मोजता येईल असं काहीतरी हवं.

आमच्या घरी यावरून चक्क वाद झाला. मला वाटायचं, वर्षात तीनदा न्यूमोनिया झाला, तो थांबायला हवा. नवऱ्याला वाटायचं, रात्रीचा खोकला थांबला पाहिजे, कुणी झोपत नाही. सासूबाईंना वाटायचं, पोर नीट जेवायला लागेल. तिघांच्या डोक्यात तीन वेगळी ऑपरेशनं होती! शेवटी तिन्ही लिहून नेलं. सर्जननी कागद हातात घेतला, न्यूमोनियापुढे बरोबरची खूण केली, खोकल्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि जेवणापुढे फुली मारली. म्हणाले, "जेवणासाठी हे ऑपरेशन करायचं नसतं. त्याला वेगळं कुणी बघायला हवं." त्या कागदाने जे काम केलं ते आमच्या पहिल्या भेटीतल्या सगळ्या प्रश्नांनी मिळून केलं नव्हतं.

सर्जन ज्या कारणांना वजन देतात ती साधारण अशी: व्यवस्थित औषधोपचार आणि आहारातले बदल करूनही वजन वाढत नाही, अन्न फुप्फुसात जाऊन वारंवार न्यूमोनिया होतो, दूध वर आल्यावर बाळाचा श्वास थांबतो किंवा ते निळं पडतं, अन्ननलिकेला जखमा होऊन ती अरुंद होत चालली आहे, मोठा हायटस हर्निया आहे. जन्मतः अन्ननलिका जोडलेली नव्हती म्हणून आधी ऑपरेशन झालेली मुलं आणि सेरेब्रल पाल्सीसारखा मेंदूचा त्रास असलेली मुलं यांच्यात रिफ्लक्स हट्टी असतो, त्यांचा विचार वेगळा होतो.

उलट, सहा महिन्यांचं बाळ दिवसातून दहादा खांद्यावर दूध टाकतं, पण हसतं-खेळतं आणि वजनाची रेघ वर चालली आहे, तर ऑपरेशनचा विषय सहसा निघतच नाही. हा प्रकार चौथ्या महिन्याच्या आसपास जोरात असतो आणि बहुतेकांचा वर्ष-दीड वर्षात आपोआप कमी होतो. सासूबाई म्हणायच्या, दूध टाकणारं मूल अंगाने भरतं. अशा बाळांपुरतं त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

आधीच्या पायऱ्या झाल्या आहेत का, याचा हिशेब

सर्जनचा पहिला प्रश्न बहुधा 'आतापर्यंत काय काय करून बघितलं?' हाच असतो. उत्तर तारखांसकट हवं.

बाळाला एका वेळी किती दूध देत होतात, कमी-कमी करून वारंवार दिलं का, दूध घट्ट करून बघितलं का. औषध कुठलं, किती मिलीग्रॅम, किती आठवडे, जेवणाआधी की नंतर. ओमेप्राझोलसारखं औषध साधारण अर्धा तास आधी द्यायचं असतं. आम्ही दोन महिने जेवण झाल्यावर देत होतो, हे कबूल करताना लाज वाटली, पण ते सांगितलं नसतं तर 'औषध लागू पडलं नाही' अशी चुकीची नोंद झाली असती. आणखी एक समजून घ्या: ही औषधं आम्ल कमी करतात, अन्न वर येणं थांबवत नाहीत. औषध चालू असूनही मूल उलट्या करतंय म्हणजे औषध फुकट गेलं असं नाही. जळजळ थांबली असेल, उलटी राहिली असेल.

गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी हुबेहूब रिफ्लक्ससारखी दिसते. म्हणून तान्ह्या बाळाच्या बाबतीत दोन ते चार आठवडे गाई-म्हशीचं दूध आणि त्याचे पदार्थ पूर्ण बंद करून बघायला डॉक्टर सांगतात; बाळ अंगावर पीत असेल तर आईने ते सोडायचे. हे झालंय की नाही ते विचारा. आपल्याकडे यात एक गंमत होते. आमच्या घरी 'दूध बंद' म्हटल्यावर सासूबाईंनी नारळाचा रसही बंद केला आणि चहात मात्र चमचाभर दूध चालूच राहिलं. नारळाच्या रसाचा याच्याशी काही संबंध नाही. चहातल्या चमच्याचा आहे.

सात दिवसांची वही

शाळेची दोनशे पानी वही नको. पाठकोरे कागद चालतील. सात दिवस, प्रत्येक दिवसाला एक पान. त्यात वेळ, काय खाल्लं-प्यायलं, किती, त्यानंतर किती वेळाने वर आलं, आडवं असताना की उभं असताना, खोकला, रात्री किती वेळा जाग आली. 'किती' लिहिताना 'थोडंसं' आणि 'भरपूर' नको. घरातली एक वाटी औषधाच्या मापाने एकदा मोजून ठेवा. आमची वाटी निघाली १२० मिलीची. मी सहा महिने ती शंभराची समजत होते.

वर आलेल्याचा रंग लिहा. दुधासारखं, फाटल्यासारखं, कॉफीच्या चोथ्यासारखं, लालसर. आणि हिरवं असेल तर वहीत लिहीत बसू नका. बाळाला हिरवी, पित्ताची उलटी झाली की आतड्याला पीळ पडल्याची शक्यता असते. तेव्हा अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा किंवा थेट कॅज्युअल्टी गाठायची. रक्ताची उलटी, श्वास अडकणं यालाही हेच.

मोबाइलवर व्हिडिओ काढा. काही मुलं रिफ्लक्समध्ये पाठ धनुष्यासारखी वाकवतात आणि मान एका बाजूला वळवतात. तोंडी सांगितलं तर ते फिट आल्यासारखं वाटतं, अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत डॉक्टरांना फरक ओळखता येतो. व्हिडिओ फोनमध्येच सेव्ह करून ठेवा. ओपीडीच्या आतल्या खोलीत रेंज गेली की व्हॉट्सअ‍ॅपवरचं काही उघडत नाही, आणि रेंज नेमकी तेव्हाच जाते.

वजन-उंचीच्या नोंदींसाठी लसीकरणाचं कार्ड न्या. त्यातला आलेख म्हणजे सर्जनच्या दृष्टीने अर्धा निकाल.

फाइल, आणि 'खालून की वरून' हा प्रश्न

तपासण्यांचे कागद तारखेप्रमाणे लावा, नवीन सगळ्यात वर. नुसता रिपोर्ट पुरत नाही. फिल्म किंवा सीडी हवी, कारण सर्जनना चित्र स्वतः बघायचं असतं. आमची सीडी तिथल्या कॉम्प्युटरवर उघडली नाही आणि ती भेट तशीच गेली. तेव्हापासून मी एक्स-रेचे फोटो खिडकीच्या उजेडात धरून फोनमध्येही काढून ठेवते. उत्तम पर्याय नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

कुठली तपासणी काय सांगते हे ढोबळ माहीत असलं की बोलणं सोपं होतं. बेरियम पाजून काढलेला एक्स-रे अन्ननलिका, जठर आणि आतड्याची सुरुवात यांचा आकार दाखवतो: हर्निया आहे का, आतडं उलटं फिरलेलं नाही ना. त्या चार मिनिटांत बेरियम वर आलं म्हणजे आजार आहे, किंवा आलं नाही म्हणजे आजार नाही, असं त्यावरून ठरत नाही. नाकातून बारीक नळी घालून चोवीस तास मोजतात त्या पीएच-इम्पिडन्स तपासणीत किती वेळा, किती वरपर्यंत आणि आम्ल की बिनआम्ल वर आलं ते कळतं. वर आल्यावर मूल खोकलं का, हेही जुळवता येतं. म्हणून त्या चोवीस तासांत तुम्ही बटण दाबायला आणि वेळ लिहायला विसरायचं नाही. एंडोस्कोपीत अन्ननलिका आतून बघतात आणि तुकडा तपासायला घेतात. काही मुलांच्या अन्ननलिकेला अ‍ॅलर्जीची सूज असते, तिला इओसिनोफिलिक म्हणतात. ती या ऑपरेशनने जात नाही. दुधात किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळून करतात तो मिल्क स्कॅन जठर किती वेळात रिकामं होतं ते दाखवतो.

सगळ्या मुलांना सगळ्या तपासण्या लागत नाहीत. पण ज्यांना न्यूमोनियासाठी ऑपरेशन सुचवलंय त्यांनी एक प्रश्न विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये: फुप्फुसात जातंय ते खालून वर येऊन जातंय, की गिळतानाच वरून जातंय?

दोन्हींत मूल खोकतं, दोन्हींत छाती भरते. पण गिळतानाच घास किंवा लाळ श्वासनलिकेत उतरत असेल, तर खालची वाट बंद करून काय होणार? दाराला कडी लावली आणि छप्पर गळतंय, अशातली गत. मेंदूचा त्रास असलेल्या मुलांत हे फार वेळा आढळतं. त्यासाठी गिळतानाचा चलत् एक्स-रे काढतात किंवा गिळण्याची तपासणी करणारे थेरपिस्ट बघतात. आमच्या मुलाची ही तपासणी झालेली नव्हती. मी विचारल्यावर सर्जन क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हे आधी करून घेऊ." महिनाभर पुढे गेलं. गेलं तर गेलं.

गोव्यात कुठे, आणि कार्डाचं काय

मोठ्यांचं ऑपरेशन करणारे जनरल सर्जन वेगळे, मुलांचे सर्जन वेगळे. लहान मुलासाठी मुलांच्याच सर्जनचा, आणि मुलांना भूल देण्याची सवय असलेल्या भूलतज्ज्ञांचा आग्रह धरा. म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं आहेत, पण अशा कामासाठी वाट शेवटी बांबोळीला गोमेकॉकडेच, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजकडेच वळते. १८४२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची ती आजची पिढी. ओपीडीचे वार आणि वेळ आधी फोन करून विचारा. काणकोण किंवा पेडण्याहून पहाटेची कदंब बस पकडून पोचावं आणि त्या दिवशी ती ओपीडीच नसावी, असं होऊ देऊ नका.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ते घ्या आणि त्यावर मुलाचं नाव चढलंय का ते आजच बघा. ही योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण अशी तिची रचना. धाकटं मूल बहुतेक घरांत कार्डावर नसतं, कारण कार्ड आधी निघालं आणि मूल नंतर झालं. खाजगीत जाणार असाल तर काउंटरवर ऑपरेशनचं नाव सांगून विचारा: हे पॅकेजमध्ये बसतं का, मंजुरी आधी घ्यावी लागते का, भूल, आयसीयू आणि दुर्बिणीचं सामान त्यात धरलंय का.

बरीच कुटुंबं बेळगाव, मणिपाल किंवा मुंबईला जातात. जायला हरकत नाही. पण बाहेर ऑपरेशन केलं आणि दहाव्या दिवशी रात्री पोट फुगलं तर पावसात बेळगावच्या वाटेवरचा चोर्ला घाट चढणार का? बाहेरच्या सर्जननाच विचारा: अशा वेळी गोव्यात कुणाला दाखवू, आणि त्यांच्यासाठी तुम्ही चिठ्ठी लिहून द्याल का. चिठ्ठी ऑपरेशनच्या आधी मागून ठेवा.

खोलीत बसल्यावर

दोन मोठी माणसं जा. एकाने मुलाला सांभाळायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि लिहायचं. दोघंही मुलाकडे बघत बसलात तर आमच्यासारखं होईल. मूल चार-पाच वर्षांचं असेल तर त्याच्यासमोर 'कापणार', 'टाके' असलं बोलू नका. ती कानं सगळं टिपत असतात.

भाषेचा संकोच नको. बऱ्याच डॉक्टरांशी मराठीत किंवा कोकणीत बोलता येतं, आणि नसेल येत तर हिंदी आहे. इंग्रजीत मान डोलावून बाहेर येणं हा आपल्याकडचा जुना रोग. "डॉक्टर, जरा कागदावर काढून दाखवता का?" असं म्हणा. कुठलाही सर्जन जठराचं चित्र काढायला नाही म्हणत नाही, असा माझा अनुभव. शेवटी आपल्या शब्दांत परत सांगा: "म्हणजे मला असं कळलं की..." चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं.

प्रश्न पाच-सहाच न्या, पण महत्त्वाचा आधी. माझ्या मते क्रम असा. ऑपरेशन केलं नाही तर पुढच्या वर्षभरात काय होईल? दुसरा मार्ग कुठला: आणखी औषध, थांबून बघणं, जठराच्या पुढे आतड्यात नळीने अन्न देणं? तुम्ही कुठला वेढा देणार आणि याच्यासाठी तोच का? अशा मुलांची किती ऑपरेशनं तुम्ही वर्षाला करता? हा प्रश्न विचारायला जीभ जड होते, पण चांगले सर्जन रागावत नाहीत. गुंडाळी सैल झाली तर?

कारण ती सैल होते. काही मुलांत काही वर्षांनी टाके सुटतात किंवा गुंडाळी छातीत सरकते, आणि सगळं परत सुरू होतं. मेंदूचा त्रास असलेल्या मुलांत हे जास्त. दुसऱ्यांदा ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. आणखी काय होऊ शकतं ते त्यांच्या तोंडून ऐका: गिळताना घास अडकणं, ढेकर न आल्याने पोट फुगणं, कोरड्या ओकाऱ्या, अन्न आतड्यात एकदम उतरून मूल घामाघूम आणि मलूल होणं. यातलं बरंचसं काही आठवड्यांत कमी होतं, सगळं होतं असं नाही.

ज्या मुलाला तोंडाने पुरेसं खाता येत नाही त्याच्यासाठी पोटावरून थेट जठरात नळी बसवायचं सुचवतात, तिला गॅस्ट्रोस्टॉमी म्हणतात. इथे विचारा: नळी आणि गुंडाळी दोन्ही एकदमच करायची, की आधी नुसती नळी बसवून बघता येईल? यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, म्हणून तुमच्या मुलापुरतं त्यांचं कारण ऐकायला हवं. नळीला घाबरणाऱ्या आयांना मी एवढंच सांगते की आमच्या वॉर्डातली एक मुलगी नळी लागल्यावर सहा महिन्यांत ओळखू येईना इतकी भरली. तिची आई आधी सगळ्यात जास्त रडली होती.

उलटी न होणं, हेही समजून घ्या

गुंडाळी घट्ट बसली की मुलाला उलटी करता येत नाही किंवा फार कष्टाने होते. ऐकायला छान वाटतं. पण पुढे कधी साधा जुलाब-उलटीचा आजार आला, किंवा आतडं अडकलं, तर आतलं बाहेर यायला वाट नाही. मूल नुसतं ओकारे देतं, पोट नगाऱ्यासारखं ताठ होतं. हे थांबून बघण्यासारखं नाही, लगेच इस्पितळात न्यायचं आणि दारातच सांगायचं की याचं फंडोप्लिकेशन झालंय. नळी असलेल्या मुलाची नळी उघडून हवा बाहेर काढता येते, ती कशी हे डिस्चार्जच्या आधी शिकून घ्या. शाळेत बाईंनाही हे लिहून द्या. आम्ही ओळखपत्राच्या मागे चिकटवलंय.

जेवण

सर्जन म्हणतील 'सॉफ्ट डाएट'. या दोन शब्दांचा अर्थ घरोघरी वेगळा होतो, म्हणून पदार्थांची नावं घेऊन विचारा. सुरुवातीला गुंडाळीच्या जागी सूज असते, घास अडकतो. काही आठवडे पातळ आणि मऊ, किती आठवडे ते तुमचे सर्जन सांगतील. आपल्याकडे यासाठी उकड्या तांदळाची पेज आहे, त्यापेक्षा चांगलं काय शोधणार! आधी निवळ, मग शितं कुस्करून, मग मऊ भात आणि पातळ वरण.

ज्याचा कुणी विचार करत नाही तो म्हणजे पाव. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की आमच्या मुलाचे डोळे दाराकडे लागतात. पण पाव, उंडो, पोई यांचा तोंडात लगदा होतो आणि तो गोळा नेमका त्या अरुंद जागी बसतो. चहात बुडवून दिला तरी. मटणाचे तुकडे आणि काट्याची मासळीही तेवढे दिवस नको. सोडा, कोल्ड्रिंक, स्ट्रॉने पिणं हेही नको, पोटात हवा भरते. घरच्या सगळ्यांनी महिनाभर त्याच्यासमोर पाव खायचा नाही असं आम्ही ठरवलं. आजोबांनी चार दिवस पाळलं.

भूल आणि तारीख

भूलतज्ज्ञांची भेट वेगळी असते आणि तीही महत्त्वाची. हलणारा दात, दम्याचा पंप, आधीच्या भुलेचा त्रास, घरात कुणाला भुलेने काही झालं होतं का, हे सांगा. उपाशी ठेवण्याचे तास लिहून घ्या. सर्वसाधारण नियम असा: जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. पण रिफ्लक्सच्या मुलाचं जठर हळू रिकामं होत असेल तर तास बदलू शकतात, म्हणून तुमचे तास त्यांच्याकडूनच घ्या. पेज पातळ दिसली तरी ती पाणी नव्हे, जेवण आहे.

त्या खोलीतच हो किंवा नाही म्हणायची सक्ती नाही. तातडी नसेल तर "घरी बोलून सांगतो" म्हणा, दुसरं मत घ्यायचं असेल तर फाइलची झेरॉक्स मागा. संमतीचा कागद ऑपरेशनच्या दिवशी पहाटे हातात येतो, तेव्हा वाचायला डोकं जाग्यावर नसतं. आदल्या दिवशी मागून घ्या.

तारीख ठरवताना आमच्याकडे चवथ आडवी आली. घरात गणपती, पाहुणे, त्यातला कुणीतरी शिंकणारा. सर्जननी स्वतःच पुढची तारीख सुचवली. ती आली तेव्हा धाकट्याला सर्दी झालेली, छातीत घरघर. भूलतज्ज्ञांनी कान लावला आणि घरी पाठवलं. सर्दी-खोकल्यात भूल देणं धोक्याचं असतं, म्हणून काही आठवडे थांबतात. हे जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला एकदा तरी येतं, तेव्हा रजा टाकताना कामाच्या ठिकाणी तसं सांगून ठेवा. आमची पिशवी भरलेली तशीच कपाटात राहिली, फक्त त्यातली बिस्किटं मुलांनी संपवली.